बर्फाच्या गावी गोड्या पाण्याचा शोध

गावाला पाणी पाहायचं म्हटलं की आपण काय करतो? एखाद्या जाणत्या माणसाला शिवारात हिंडवतो. उंबर कुठं आहे, ओढा कुठून वाहतो, कोणत्या बांधाला उन्हाळ्यातही ओल राहते, ते पाहतो. जागा ठरली की नारळ फोडून कुदळ मारतो. पण ज्या मुलखात कुदळ मारली तर ती टणकन उडून परत येते, कारण जमीनच दगडासारखी गोठलेली आहे, तिथल्या माणसांनी काय करावं? आज अशाच एका गावाची हकिगत सांगतो.

अमेरिकेच्या अगदी वायव्य टोकाला अलास्का नावाचा थंड प्रांत आहे. तिथं चुक्ची समुद्राच्या काठी किवलिना नावाचं गाव आहे. एका बाजूला खारा समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये वाळू-गोट्यांची अरुंद पट्टी. त्या पट्टीवर हे साडेचारशेच्या आसपास वस्तीचं गाव बसलं आहे. लोक इनुपियाट जमातीचे. सील, देवमासा, हरणं आणि मासे यांच्या शिकारीवर पिढ्यान्‌पिढ्या जगत आलेले. गावाला बाहेरून येणारी सडक नाही. माल यायचा तो विमानानं, नाहीतर उन्हाळ्यात जहाजानं.

आता तुम्ही म्हणाल, बर्फाच्या मुलखात पाण्याची काय वाण? खरी गंमत इथंच आहे. पाणी पुष्कळ आहे, पण ते एक तर खारट आहे, नाहीतर गोठलेलं आहे. गावात विहिरी घेण्याचे प्रयत्न झाले, पण त्यांना यश आलं नाही. त्या मुलखात जमिनीखालची माती बारा महिने तेरा काळ गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा हात-दीड हाताचा थर तेवढा विरघळतो. पाणी जमिनीत मुरतच नाही, मग झरा लागायचा कुठून? आणि समुद्रकाठी खोल जाऊन पाणी लागलंच, तर ते बहुधा खारं. आपल्या कोकणपट्टीत समुद्राजवळच्या विहिरीचा उपसा जास्त झाला की पाणी मचूळ होतं, हे तिथल्या श्रोत्यांना सांगायला नको.

मग जुनी माणसं कशी भागवीत? त्यांच्याजवळ पाण्याची मोठी विद्या होती. समुद्राचं पाणी गोठतं तेव्हा पाण्याचा तेवढा बर्फ होतो. मीठ त्या बर्फात सामावत नाही, ते बाहेर ढकललं जातं. ताज्या बर्फात हे खारं पाणी बारीक बारीक पोकळ्यांत अडकून राहतं, म्हणून ताजा बर्फ खारटच लागतो. पण तोच बर्फ एखादा उन्हाळा काढून जुना झाला की खारं पाणी हळूहळू खाली झिरपून जातं, आणि उरलेला निळसर, गुळगुळीत बर्फ वितळवला तर पिण्याजोगं पाणी मिळतं. शिकारी लोक रंग पाहून आणि जिभेला लावून असा बर्फ ओळखीत. शिवाय नदी-तळ्यांतल्या गोड्या पाण्याच्या बर्फाचे ठोकळे कापून ते घसरगाडीवर लादून घरी आणीत.

गुरुजींना हा प्रयोग शाळेत सहज दाखवता येईल. पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवा आणि ज्यांच्या घरी शीतकपाट असेल त्यांच्याकडे ते गोठायला ठेवा. निम्मं-अर्धं गोठलं की बर्फ काढून थंड पाण्यानं चटकन खंगाळा आणि चव घ्या. उरलेल्या पाण्यापेक्षा बर्फ कमी खारट लागेल. मुलांच्या हे जन्मभर ध्यानात राहील.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. पूर्वीचे इनुपियाट लोक एका जागी बसून राहत नसत. ज्या ऋतूत जिथं शिकार आणि पाणी, तिथं त्यांचा मुक्काम. किवलिनाची पट्टी ही त्यांची हंगामी जागा होती. १९०५ साली सरकारनं तिथं शाळा बांधली आणि मुलांना शाळेत घालायचं म्हणून कुटुंबं तिथंच कायमची राहू लागली. म्हणजे जागा ठरली ती शाळेमुळं. पाणी पाहून काही ती ठरली नाही. एरवी माणूस पाण्याकडे जायचा. आता पाणी माणसाकडे आणणं आलं.

ते कसं आणतात, ऐका. खाडीला वुलिक नावाची नदी मिळते. मुखाशी तिच्यात खारं पाणी मिसळतं, म्हणून सुमारे तीन मैल वरून, जमिनीवर टाकलेल्या नळातून, पंपानं पाणी खेचून आणतात. हे काम फक्त उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांत होतं, कारण थंडी पडली की उघड्यावरचा नळ गोठून फुटायचा. नदीचं कच्चं पाणी साठवायला सुमारे साडेसव्वीस लाख लिटरची टाकी आणि शुद्ध केलेल्या पाण्याला सुमारे एकोणीस लाख लिटरची पोलादी टाकी. या दोन टाक्यांवर सारा हिवाळा काढायचा. आपण कणगीत धान्य भरून ठेवतो ना, तशी ही पाण्याची कणगी!

जरा हिशेब करू. दोन्ही टाक्या मिळून साडेपंचेचाळीस लाख लिटर. माणसं ४५०, आणि दिवस धरा २७०. दर माणशी दिवसाला सदतीस लिटरच्या आसपास पाणी येतं, आणि त्यातच शाळा, दवाखाना, कपडे धुणं सारं आलं. आपल्याकडे २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशननं खेड्यातल्या माणसाला रोजचं ५५ लिटर पाणी धरलं आहे. यावरून कल्पना यावी. तिथं बहुतेक घरांत नळ नाही. लोक टाकीवरून भांड्यांत पाणी भरून नेतात आणि संडासासाठी डबे वापरतात.

पाणी कमी पडलं की माणूस पिण्याचं कमी करीत नाही, तो धुण्याचं कमी करतो. एकाच पाटीतल्या पाण्यात घरातली चार-पाच माणसं हात बुडवतात. अलास्काच्या खेड्यांविषयी २००८ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात असं दिसलं की ज्या भागांत घरोघर नळ कमी, त्या भागांत न्युमोनिया आणि कातडीचे विकार यांसाठी इस्पितळात दाखल होणारे जास्त. म्हणजे पाणी स्वच्छ असून भागत नाही, ते हात धुण्यापुरतं भरपूरही असावं लागतं. पटकी-हगवण पाण्यातून पसरते हे आपण जाणतो. पण पाण्याच्या टंचाईमुळं छातीचे रोगही वाढतात, हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे.

आणि ही कणगी भरलीच नाही तर? २०१२ सालच्या ऑगस्टमध्ये नेमकं तेच झालं. अवेळी जोराचा पाऊस आला, वुलिकला पूर आला, नळाची मोडतोड झाली. नदीचं पाणी इतकं गढूळ झालं की ते गाळून शुद्ध करणं जमेना. टाक्या भरेनात. पाणी नाही म्हणून शाळा वेळेवर उघडली नाही. ज्या शाळेपायी गाव तिथं बसलं, तीच शाळा पाण्यावाचून बंद राहिली!

काळजीची कारणं आणखीही आहेत. १९८९ साली त्या नदीच्या वरच्या अंगाला जस्त-शिशाची मोठी खाण सुरू झाली. तिथलं शुद्ध करून सोडलेलं पाणी ओढ्यांतून याच नदीला मिळतं, म्हणून गावकऱ्यांच्या मनाला घोर आहे. हवामान उबदार होत चाललं आहे. किनाऱ्याला जपणारा समुद्रावरचा बर्फ उशिरा धरतो, आणि शरद ऋतूतल्या वादळांच्या लाटा पट्टी कुरतडतात. नदीकाठची गोठलेली माती सुटून पाण्यात उतरते, तेव्हा गढूळपणा वाढतो. गाव आत हलवावं, हा विचार कित्येक वर्षं चालू आहे. या दशकाच्या आरंभी खाडी ओलांडून आत जाणारा रस्ता झाला आणि काही मैल आत, उंचवट्यावर, नवी शाळा उभी राहिली. पण घरं हलवायची तर पहिला प्रश्न पुन्हा तोच : पाणी कुठलं?

श्रोतेहो, हे गाव आपल्यापासून हजारो मैल दूर. पण त्याची गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. वस्ती ठरवण्याआधी पाणी पाहावं. सुगीच्या दिवसांत साठवावं आणि अडचणीच्या दिवसांचा हिशेब आधी मांडावा. आणि जुन्या माणसांची पाण्याची विद्या अडाणीपणाची समजून टाकून देऊ नये. उद्या सकाळी आपल्या घरात घागर भरताना, दोन टाक्यांवर हिवाळा काढणाऱ्या त्या साडेचारशे माणसांची क्षणभर आठवण झाली, तर आजचं हे बोलणं कारणी लागलं असं मी समजेन.