दहा रुपयांची वही, रोजची एक ओळ

"त्रास कधीपासून आहे? गोळ्या रोज घेता का? मागच्या वेळी बीपी किती होतं?" अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात जा किंवा गावच्या आरोग्य केंद्रात जा, डॉक्टर हे प्रश्न विचारतातच. आपली उत्तरेही ठरलेली असतात: "लई दिवस झाले", "घेतो की", "ध्यानात नाही." बाहेर रांग मोठी, डॉक्टरांजवळ वेळ थोडा. आपण अंदाजाने सांगतो आणि खरा त्रास सांगायचा राहून जातो.

म्हणून या वेळी आम्ही वहीविषयी बोलणार आहोत. मोठ्या शहरांत 'लाइफ कोच' नावाचे सल्लागार फी घेऊन माणसाला जगण्याची घडी बसवायला शिकवतात. त्यांच्या शिकवणीत दोन गोष्टी हमखास असतात: रोज थोडे लिहा आणि ठरवलेले थोडे तरी रोज करा. या दोन्ही गोष्टी आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घराला परवडणाऱ्या आहेत.

वहीत काय लिहायचे? तारीख टाका आणि पुढे एकच ओळ. गोळी घेतली की नाही. बीपी किंवा साखर तपासली असेल तर आकडा. किती चाललो. झोप लागली का. तंबाखू-गुटखा खात असाल तर आज किती पुड्या झाल्या. बस, एवढेच. पुड्यांचा आकडा स्वतःच्या हाताने लिहिला की तो डोळ्यांत खुपतो, आणि तिथूनच तो कमी करण्याची सुरुवात होते. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून लिहून घ्या, नाहीतर गोळी घेतली की कॅलेंडरवर फुली मारा.

आपल्या भागात या वहीची गरज जास्त आहे. दिवाळीच्या आसपास टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि पाच-सहा महिने फडावरच राहतात. गावातून नेलेल्या गोळ्या संपतात, "आता बरं वाटतंय" म्हणून पुढच्या आणल्या जात नाहीत. बीपी मात्र आतल्या आत वाढत राहतो आणि एक दिवस अर्धांगवायूचा झटका येतो. जुना केसपेपर आणि वही पिशवीत असली, तर परमुलखातल्या डॉक्टरलाही कोणती गोळी चालू होती, कधी बंद पडली, हे लगेच कळते.

बायाबापड्यांसाठी तर ही वही ढालच आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची पाहणी शासनाने नेमलेल्या समितीने २०१९ मध्ये केली. सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळी कधी आली, किती दिवस राहिली, अंगावरून किती गेले, कुठे दुखले, हे वहीत असेल तर "पिशवी काढून टाका" म्हणणाऱ्याला विचारता येते: आधी गोळ्या-औषधाने होणार नाही का? ही नोंद घेऊन सरकारी रुग्णालयात दुसरा सल्लाही घेता येतो.

वही मनासाठीही आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, मनातले खोल दुःख लिहिले. लिहिताना त्यांना जड गेले, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या.

आपल्याला तर याचे घरचेच उदाहरण आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकानात बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहीत. घरच्यांच्या भीतीने ते लिखाण त्यांनी सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले. त्यातूनच 'जिणं आमुचं' हे आत्मकथन उभे राहिले. १९८२ मध्ये ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः येऊ लागले. म्हणून घरातल्या माणसांना आमचे सांगणे आहे: आईची, सुनेची, लेकीची वही तिला न विचारता उघडू नका. लपवून लिहायची वेळ तिच्यावर येऊ देऊ नका.

आता सातत्याचे. लंडनच्या संशोधकांनी ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट करायला सांगितली. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला त्याहून कितीतरी जास्त. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही, हेही त्यांना दिसले. तेव्हा पाहुणे आले, लग्नकार्य निघाले आणि खाडा पडला, तर वही फेकू नका. दुसऱ्या दिवशी तारीख टाका आणि पुढे चला.

अष्टांगिक मार्गातला सम्यक व्यायाम हाच आहे. वाईट गोष्ट येऊ न देणे, आलेली सोडणे, चांगली आणणे आणि आणलेली टिकवणे, असे हे चार प्रयत्न आहेत. यातला शेवटचा सगळ्यांत अवघड, आणि तिथेच वही हाताशी येते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. वही डॉक्टरची जागा घेत नाही. छातीत कळ आली, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळे पडले तर लिहीत बसू नका, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. जगणे नकोसे वाटू लागले तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर बोला.

आज दुकानातून एक वही आणा. दोरीने पेन बांधून ती गोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवा. पहिली ओळ आज रात्रीच लिहा.