उन्हात दिसणारा लॅपटॉप

मे महिन्यात सावंगी (मेघे)च्या एखाद्या शाळेच्या पटांगणात भर दुपारी मोबाइल उघडून पाहा. मजकुराऐवजी आपलाच चेहरा दिसतो. पडद्यामागचा दिवा कितीही प्रखर केला तरी वर्ध्याच्या उन्हापुढे त्याचं काही चालत नाही. ही अडचण जवळपास वीस वर्षांपूर्वी एका लॅपटॉपनं सोडवली होती, आणि तो बनवला होता गरीब देशांतल्या शाळकरी मुलांसाठी.

अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ ही योजना मांडली. किंमत सांगितली होती शंभर डॉलर. २००७ मध्ये कारखान्यातून बाहेर पडेपर्यंत ती दोनशेच्या घरात गेली. पण यंत्र फक्कड होतं, यात शंका नाही.

पडदा या योजनेतल्या मेरी लू जेप्सन यांनी रचलेला. नेहमीच्या पडद्यात पाठीमागचा पांढरा उजेड लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांतून येतो आणि त्यातला बराचसा वाटेतच शोषला जातो. जेप्सन यांनी प्रत्येक ठिपक्याचा काही भाग आरशासारखा ठेवला आणि त्यावर रंगाची गाळणी बसवलीच नाही. उन्हात बसलं की सूर्यप्रकाशच त्या भागावरून परत फिरतो आणि काळी-पांढरी अक्षरं छापील पुस्तकासारखी ठळक दिसतात. मागचा दिवा तेव्हा बंदच ठेवायचा. शिवाय मूल नुसतं वाचत असेल तर मुख्य प्रोसेसर झोपी जाई आणि पानावरचं चित्र एक वेगळी छोटी चिप धरून ठेवी. वीज वाचवायची ती अशी. पंखा नाही, हार्ड डिस्क नाही, धूळ आत जाऊ नये म्हणून कीबोर्ड सलग रबराचा. उचलायच्या मुठीच्या आत जादा स्क्रूसुद्धा ठेवलेले, एखादा हरवला तर अडायला नको म्हणून.

महाराष्ट्रात हे लॅपटॉप २००७ मध्येच पोचले, रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत. कीबोर्डवर देवनागरी अक्षरं होती. देशभर मात्र योजना आली नाही. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं २००६ मध्येच तिच्या शैक्षणिक उपयोगाबद्दल शंका घेऊन नकार कळवला होता. तेव्हा त्या नकारावर बरीच टीका झाली. मला तो आज शहाणपणाचा वाटतो.

योजनेमागचा विचार गणितज्ञ सेमूर पेपर्ट यांचा: मूल काहीतरी घडवता घडवता शिकतं. वर्धेकरांना यात नवल वाटू नये. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातल्याच शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, झाकिर हुसेन समितीनं त्याचा अभ्यासक्रम केला आणि नई तालीम उभी राहिली. फरक एवढाच, की मुलांच्या हाती टकळी देण्याआधी सेवाग्रामात शिक्षकांना सूत कातायला शिकवलं जाई. लॅपटॉपवाल्यांचा भरवसा मात्र मुलांवरच; शिक्षक त्यांच्या हिशेबात शेवटी.

हा भरवसा कितपत खरा, याचा निकाल पेरूमध्ये लागला. तिथं आठ लाखांवर लॅपटॉप वाटले गेले. ३१९ ग्रामीण शाळांच्या पाहणीचा अहवाल २०१२ मध्ये आला: गणितात आणि भाषेत गुण वाढले नाहीत. आकृत्या ओळखण्यासारख्या तर्काच्या चाचण्यांत थोडी प्रगती दिसली, इतकंच. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं, आणि बऱ्याच मुलांना यंत्र घरी नेता येत नव्हतं. उरुग्वेनं इंटरनेट आणि दुरुस्तीची सोय नीट लावली, सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला. तिथंही गुणांत फरक पडला नाही, पण संगणक नसलेल्या गरीब घरांत लॅपटॉप पोचला. हाही फायदाच, फक्त जाहिरातीत सांगितला होता तो नव्हे.

तुमच्या गावच्या शाळेत उद्या फुकट टॅब येणार असतील तर नारळ फुटण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जरूर जा. बॅटरी दोन वर्षांनी बसेल तेव्हा नवी कोण आणणार, आणि गुरुजींचं प्रशिक्षण किती दिवसांचं, हे तिथंच विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.