हलके धागे, जड हिशेब

वसईतल्या एका पतसंस्थेच्या पिग्मी ठेवींचा हिशेब काही वर्षांपूर्वी मी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालत असे. जुन्या संगणकात एकच कोअर, म्हणजे आकडेमोड करणारा एकच गाभा होता. तोवर सारे सुरळीत होते. संस्थेने चार कोअरचा नवा संगणक घेतला आणि दिवसअखेरची बेरीज अधूनमधून पन्नास-शंभर रुपयांनी कमी भरू लागली. तिथल्या कारकून बाई रात्री उशिरापर्यंत बसून पावत्या पुन्हा पुन्हा मोजत. संशय त्यांच्यावर होता. चूक माझी होती. ती शोधताना जे उमगले, ते इथे मांडतो.

पतसंस्थेचेच उदाहरण घेऊ. कोअर म्हणजे खिडकी आणि प्रत्येक काम म्हणजे एक ग्राहक. प्रोग्रॅममधल्या अशा स्वतंत्र कामाला थ्रेड, म्हणजे धागा म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेला धागा जड असतो. लिनक्सवर तो सहसा ८ एमबीपर्यंतची जागा आपल्या नावे राखून ठेवतो, आणि एक थांबवून दुसरा चालवायचा तर दर वेळी सिस्टिमच्या दारात जावे लागते. असे लाखभर धागे पोसणे परवडत नाही. म्हणून काही भाषांचे रनटाइम, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना त्याची देखभाल करणारी यंत्रणा, स्वतःचे हलके धागे ठेवतात. गो या भाषेतला धागा अवघ्या २ केबीच्या जागेवर सुरू होतो. सहीसाठी थांबलेला ग्राहक खिडकी अडवत नाही. टोकन घेऊन बाकावर बसतो आणि पुढच्याचा नंबर लागतो.

इथे एक गल्लत होते. टोकनांमुळे वाट पाहणे स्वस्त होते, पण खिडकी एकच असेल तर नोटा मोजण्याचा वेग वाढत नाही. त्यासाठी खिडक्याच वाढवाव्या लागतात. गोचा रनटाइम प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग लावतो आणि रिकामी झालेली खिडकी शेजारच्या रांगेतली निम्मी माणसे आपल्याकडे ओढून घेते.

पण खतावणी सगळ्यांची एकच. तिच्यात १००० रुपये आहेत. दोन खिडक्यांनी तो आकडा एकाच क्षणी वाचला. एकीने ५० मिळवून १०५० लिहिले, दुसरीने १०० मिळवून त्यावरच ११०० लिहिले. पन्नास रुपये गेले. ना कुणी चोरले, ना कुणी विसरले. एका कोअरवरही असे घडू शकते, पण क्वचित. चार कोअर झाले आणि माझी जुनी चूक उघडी पडली.

यावरचा एक उपाय म्हणजे साऱ्या कार्यालयाला एकच किल्ली. ती ज्याच्या हाती, त्यानेच काम करायचे. पायथॉनने वर्षानुवर्षे असेच केले. किल्लीशिवाय चालणारी तिची आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, तीही प्रायोगिक म्हणून. ओकॅमल भाषा डिसेंबर २०२२ मध्ये, पाचव्या आवृत्तीत, या बंधनातून सुटली. त्या दीर्घ प्रयत्नात आयआयटी मद्रासचे के. सी. शिवरामकृष्णन यांचा मोठा वाटा आहे. वेळ लागला, कारण नको असलेली स्मृती झाडून काढणारा झाडूवाला आता सगळ्या खिडक्या चालू असताना फिरायला हवा होता, आणि जुने प्रोग्रॅम मंदावूनही चालणार नव्हते.

दुसरा मार्ग म्हणजे सामाईक वहीच नको. एकमेकांना चिठ्ठ्या पाठवा. टोनी होअर यांनी १९७८ साली हा विचार सूत्रबद्ध केला. त्यावर ऑकॅम ही भाषा उभी राहिली आणि तिच्यासाठी ब्रिटनमध्ये ट्रान्सप्युटर ही चिप घडली. हलके धागे पाळीपाळीने चालवण्याची सोय या चिपच्या अंगातच होती. शेजारच्या चिपशी बोलायला चार दुवे होते. अमेरिकेने महासंगणक देताना आडकाठी केली, तेव्हा पुण्यात विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने अशाच चिप जोडून १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. एक अवाढव्य मेंदू मिळत नसेल तर अनेक लहान मेंदू चिठ्ठ्यांवर चालवता येतात, हे आपल्याकडे तेव्हाच सिद्ध झाले होते. गो भाषेतल्या चिठ्ठ्यांची वाटही होअर यांच्याच विचारातून येते.

मीही अखेर तेच केले. एकूण जमेचा आकडा एकाच धाग्याच्या स्वाधीन केला. बाकीच्यांनी त्याला फक्त चिठ्ठी पाठवायची. बेरीज जुळू लागली. मग संस्थेत जाऊन, सगळ्यांसमोर, चूक माझी होती असे सांगितले. बाई एवढेच म्हणाल्या, "मी मोजलेलं बरोबरच होतं."

संगणकाला हात वाढवून देणे सोपे असते. कोणती वही कोणाच्या हाती, हे ठरवणे अवघड. ते न ठरवता आपण वेग मागितला, तर त्याचा भुर्दंड पावत्या मोजणाऱ्या भलत्याच माणसावर पडतो.