खुशाबचा पंजा

मालवणात बसून ब्रिटिश घोडदळाचे बिल्ले जमवायचे, हा मुळातच उफराटा कारभार. इथला माणूस फौजेत गेला तो पायदळात, मराठा पलटणीत. त्यामुळे जुन्या ट्रंका उघडल्या की निघतो तो बिगुलाचा बिल्ला. आमची आजी तो दसऱ्याला चिंच लावून लखलखीत घासायची आणि कोयत्याशेजारी पाटावर मांडायची. संग्राहकाच्या लेखी हा अनर्थ, कारण घासून घासून नक्षीच बुजते. पण आजीला सांगणार कोण?

घोडदळाचं खूळ डोक्यात शिरलं पुण्याच्या जुन्या बाजारात. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला म्हणून गळ्यात मारलेल्या बिल्ल्यावरचा मुकुट घुमटासारखा गोल, म्हणजे 1901 नंतरच्या राजांचा. त्यात अंगावर वाळूचे बारीक फोड, म्हणजे ओतीव नक्कल. अस्सल बिल्ला ठशाखाली दाबलेला असतो, पाठीमागे तेच चित्र खोलगट उमटतं. ही अक्कल पैसे गेल्यावर आली.

नकली मालामुळेच वाचायला लागलो आणि पूना हॉर्सपाशी अडकलो. 1817 मध्ये पेशव्यांवर तह लादून, त्यांच्याच खर्चानं इंग्रजांनी उभं केलेलं हे घोडदळ. घोडा शिलेदाराचा, पगार सरकारचा. म्हणजे पद्धत आपलीच, फक्त धनी बदलला.

या रिसाल्याचं खरं बिरूद टोपीवर नाही, निशाणाच्या टोकावर आहे: चांदीचा पंजा. 8 फेब्रुवारी 1857 रोजी इराणात खुशाबच्या लढाईत तो हाती लागला. त्या दिवशी तिसऱ्या बॉम्बे लाइट कॅव्हलरीनं इराणी पायदळाचा चौकोन फोडला. लेफ्टनंट मूरनं संगिनींवर घोडा घातला. घोडा मेला, तलवार मोडली, आणि साथीदार माल्कमसननं रिकीब पुढे करून त्याला बाहेर काढलं. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस. त्याच गर्दीत घुसलेल्या देशी स्वारांना तो मिळणं शक्यच नव्हतं. हिंदी शिपायांना त्याचं दार 1911 मध्ये उघडलं. मला विचाराल तर त्या दिवसाची खरी कमाई पूना हॉर्सची, कारण इराणी फौजेतल्या काश्काई पलटणीचं पंजाचं निशाण त्यांनी आणलं. पुढे 1921 मध्ये दोन्ही रिसाल्यांचे वारस एकत्र केले गेले, त्यामुळे क्रॉस आणि पंजा एकाच घरात आले.

पंज्यावर कुराणातल्या अल्-फत्ह सूरेतले शब्द कोरलेत. आपली ‘फत्ते’ याच फत्हमधून आलेली. मोहरमच्या मिरवणुकीतला पंजा पाहिलेल्याला या निशाणाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. मला मात्र आधी आठवला तो आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्यातला, चुन्यात उमटलेला शिवाजी महाराजांच्या हाताचा ठसा. पंज्यावर हिजरी सनही आहे, 1066. ताळा घेतला तर 1655-56, म्हणजे महाराजांनी जावळी घेतली ते साल. सिंधुदुर्गाचा चिरा बसायला तेव्हा अजून आठेक वर्षं होती.