चाकाचा आवाज : आधी निदान, मग पाना

जालना एमआयडीसी सळईच्या रोलिंग मिलसाठी प्रसिद्ध आहे. एनआरबी कंपनीचा बेअरिंगचा कारखानाही येथेच आहे. परंतु चाकाचा प्रत्येक आवाज बेअरिंगचाच असतो, असे नाही.

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी अशा जुन्या गाड्या आजही धावताना दिसतात. बेअरिंग बदलूनही आवाज तसाच राहिला, तर गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि कारागिराचा शब्दही. उलट खराब बेअरिंग तसेच राहिले, तर ते तापून चाक जाम होऊ शकते. म्हणून कारागीर बांधवांनी क्रमाने तपास करावा.

रस्त्यावर : निघण्यापूर्वी चाकाचे नट घट्ट आहेत का, ते पाहावे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर क्षणभर गाडी न्यूट्रल करावी. इंजिन मंदावूनही घोंघावणे चालूच राहिले, तर दोष चाकाकडे आहे. डांबरी रस्ता सोडून सिमेंटच्या रस्त्यावर येताच आवाज बदलला, तर टायरवर संशय घ्यावा. असमान झिजलेल्या नक्षीवर हात फिरवला की चढउतार लागतात. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा आवाज वाढल्यास बहुधा उजवे बेअरिंग गेलेले असते. पूर्ण वळण घेताना पुढून 'कट् कट्' वाजल्यास ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट पाहावा. ब्रेक दाबताच आवाज बदलला, तर ब्रेक उघडावेत.

गॅरेजमध्ये : गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नये, खाली घोडी लावावी. चाक वर व खाली धरून हलवावे. ढिलाई जाणवली, तर मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगावे. ढिलाई नाहीशी झाली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट तपासावा. नंतर सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर एक हात ठेवून दुसऱ्याने चाक फिरवावे. खराब बेअरिंगची खरखर हाताला लागते.

बसवताना : हबच्या घरात बेअरिंग दाबताना जोर बाहेरच्या रिंगवरच द्यावा, शाफ्टवर बसवताना आतल्या रिंगवर. हातोड्याचे घाव नव्या बेअरिंगलाही निकामी करतात. सील नवे घालावे. माल घेताना नंबर जुळवावा आणि पक्के बिल घ्यावे, कारण बाजारात नकली मालही असतो.

काम झाल्यावर काढलेले बेअरिंग गिऱ्हाइकाच्या हाती देऊन फिरवून दाखवावे. कशाचे पैसे घेतले, हे त्याला तिथेच कळते.