घाम फुटलाच नाही तर?

ग्लुकोमीटरवर ४८ आकडा दिसतो आणि खुर्चीतले गृहस्थ शांतपणे म्हणतात, "मला काही होत नाहीये." बायकोचा मात्र जीव खाली-वर होत असतो. पाच मिनिटं ते चहाचा कप हातात धरून नुसते बसले होते, हाक मारली तर भलतंच उत्तर देत होते, हे तिनेच पाहिलेलं असतं.

इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरांना हे नवं नाही. साखर ७० च्या खाली उतरली की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं. दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, धडधडतं, कडकडून भूक लागते. पण साखर वारंवार उतरत राहिली, तर हा इशारा उशिरा येतो आणि क्षीणही होतो. काही कळेपर्यंत मेंदूच गोंधळलेला असतो. टाइप १ मधुमेह असलेल्या प्रौढांपैकी साधारण एक चतुर्थांश जणांची ही जाणीव बोथट झालेली असते.

ती मोजायची कशी? एडिनबरोच्या अ‍ॅन गोल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये एकाच प्रश्नावर भागवलं: साखर उतरायला लागली की तुम्हाला कळतं का? नेहमी कळत असेल तर १, कधीच कळत नसेल तर ७. उत्तर ४ किंवा त्याहून जास्त आलं, की सावध व्हायचं. दुसऱ्याच्या मदतीशिवाय सावरता येणार नाही इतकी साखर उतरण्याचं प्रमाण त्यांना अशा रुग्णांत जवळपास सहापट आढळलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत क्लार्क यांची आठ प्रश्नांची पद्धत आली. तिच्यातला एक प्रश्न फार नेमका आहे: गेल्या महिन्यात साखर ७० च्या खाली असूनही काहीच जाणवलं नाही, असं किती वेळा झालं?

आपल्याकडे सगळी चर्चा एचबीए१सीभोवती फिरते. तो सरासरीचा आकडा आहे. मध्येच साखर किती खोल गेली, ते त्यात दिसत नाही. म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारला गेलाच पाहिजे, आणि घरच्यांनाही.

गेलेली जाणीव परतू शकते. काही आठवडे साखर कटाक्षाने उतरू दिली नाही, तर अनेकांना लक्षणं पुन्हा जाणवू लागतात. त्यासाठी डॉक्टर इन्सुलिनचा डोस बदलतात, रात्रीची साखर तपासायला सांगतात. उपवासाच्या दिवशीचा डोसही आधीच विचारून ठेवावा.

तोवर उशाशी साखरेची डबी हवी. तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता लगेच १०८ ला फोन लावायचा.