सही नसलेली भागीदार

अंदमानला फिरायला जाणाऱ्यांच्या तोंडी ‘हॅवलॉक’ हे नाव अजून असते. २०१८ साली त्या बेटाचे ‘स्वराज द्वीप’ झाले, पण जुने नाव काही सुटत नाही. हा हॅवलॉक म्हणजे १८५७ साली नानासाहेबांच्या फौजेला हटवून कानपूर घेणारा जनरल हेन्री हॅवलॉक. त्याची सासुरवाडी श्रीरामपूरची. आपल्या नगरकडचे श्रीरामपूर नव्हे. कलकत्त्याजवळ, हुगळीच्या काठावरचे.

मराठी मुद्रणाची ज्यांना थोडीफार आवड आहे, त्यांना हे गाव परके नाही. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि मोडी टाइपातला मराठी-इंग्रजी कोश १८१० साली तिथल्याच मिशन छापखान्यात छापला गेला. त्या कामात वैजनाथ पंडितांचा हात होता, हेही आपण वाचलेले असते. परंतु छापखाना, कागद, खिळे आणि त्याभोवतीची माणसे जगत होती ती कशावर, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. तो विचारला की हॅवलॉकच्या सासूपाशी, हॅना मार्शमनपाशी येऊन थांबावे लागते.

हॅना शेफर्डचा जन्म १७६७ चा, ब्रिस्टलचा. घराणे बॅप्टिस्ट. म्हणजे तान्ह्या मुलाच्या डोक्यावर पाणी शिंपडून त्याला ख्रिस्ती ठरवणे ज्यांना मान्य नव्हते, जाणत्या वयात स्वतः विश्वास कबूल करून पाण्यात बुडी घेतली तरच खरा बाप्तिस्मा, असे मानणारे. सरकारी चर्चबाहेरच्या अशा लोकांना त्या काळी इंग्लंडात बऱ्याच जागा बंद होत्या. तिचे आजोबा जॉन क्लार्क हे विल्टशरमधल्या क्रॉकर्टनच्या बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक. १७९१ साली तिने जोशुआ मार्शमनशी लग्न केले. तो विणकराचा मुलगा, स्वतःही मागावर बसलेला आणि वाचनाचा अतोनात नादी. पुढे ब्रिस्टलला तो शाळामास्तर झाला. थोरल्या मुलाचे नाव तिने आजोबांवरून जॉन क्लार्क ठेवले.

ऑक्टोबर १७९९ मध्ये हे कुटुंब ‘क्रायटेरियन’ नावाच्या अमेरिकन जहाजाने आले आणि श्रीरामपुरात उतरले. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. श्रीरामपूर डेन्मार्कचे होते, म्हणून आसरा मिळाला. बरोबर आलेल्या चमूतला ग्रँट तीन आठवड्यांच्या आत वारला. पुढच्या दोन वर्षांत आणखी तिघे गेले.

अशा घरात १८०० साली मार्शमन नवरा-बायकोने युरोपीय मुलामुलींसाठी निवासी शाळा काढल्या. मुलींची शाळा हॅनाची. शाळा लवकरच नावारूपाला आली आणि फीचा पैसा येऊ लागला. कॅरीचा फोर्ट विल्यम कॉलेजातला पगार, छापखान्याची कमाई आणि या शाळांची फी असे तीन झरे एकाच हौदात पडत. कुणी खाजगी साठवायचे नाही, प्रत्येक घराने खर्चापुरते घ्यायचे, बाकी सगळे मिशनचे, असा करार होता. जेवणही एकत्र. म्हणजे आपले मराठी व्याकरण ज्या छापखान्यात छापले गेले, त्या मिशनच्या हौदात हॅनाच्या शाळेचे पाणी होते. हा पैसा मराठीच्या प्रेमापोटी खर्च झाला, असे मात्र कुणी समजू नये. त्यांना बायबल पोचवायचे होते. भाषा ही त्याची वाट.

घरातले बाकीचे ओझेही तिच्याकडेच आले. कॅरीची बायको डोरोथी मुळात हिंदुस्थानात यायला नाखूश होती. १७९४ साली तिचा पीटर गेला आणि तिचे मन ढळले, ते १८०७ साली मृत्यूनेच सुटले. नवरा भाषांतरात बुडालेला. फेलिक्स, विल्यम, जॅबेझ, जोनाथन ही चार मुले मोकाट वाढत होती. त्यांना वळण लावले ते मार्शमन दांपत्याने आणि मुद्रक विल्यम वॉर्डने. हॅनाची स्वतःची मुले बारा. नवरा १८३७ साली वारला, तेव्हा त्यांतली पाच हयात होती.

१८०५ साली मिशनने आपला जाहीरनामा लिहिला. देशी बायकांच्या घरात भगिनींनाच शिरकाव मिळेल, म्हणून त्यांना भाषा शिकायला मदत करावी, असे त्यात आहे. खाली सह्या नऊ. नवाही पुरुषांच्या, त्यांत तरुण फेलिक्स कॅरीचीही. ज्या पोराला हॅनाने वळण लावले त्याची सही आहे, तिची नाही.

पुढे लंडनच्या सोसायटीशी मालमत्तेवरून बिनसले आणि १८२७ साली फारकत झाली. मार्शमन कुटुंबाने पैसा केला, हा आरोप त्या भांडणात वारंवार झाला. सत्तावीस वर्षे शाळा चालवून ती कमाई सामाईक हौदात ओतणाऱ्या बाईला हे ऐकावे लागले. नवरा त्या वेळी इंग्लंडात बाजू मांडत होता. श्रीरामपूर ती सांभाळत होती.

१८२९ साली तिची मुलगी, तिचेही नाव हॅनाच, हेन्री हॅवलॉकला दिली. १८३६ साली लंढोरला त्यांच्या बंगल्याला आग लागली. तान्ही मुलगी गेली, आई भाजून कशीबशी वाचली.

थोरला जॉन क्लार्क बंगाली ‘समाचार दर्पण’चा संपादक झाला. १८५९ साली त्याने मिशनचा दोन खंडी इतिहास लिहिला. शीर्षकात तीन नावे आहेत: कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड. पुढच्याच वर्षी त्याने मेहुण्याचे, हॅवलॉकचे, चरित्र काढले. आईचे काढले नाही.

हॅना १८४७ साली श्रीरामपुरातच वारली. दोन वर्षांपूर्वी डेन्मार्कने ते गाव कंपनीला विकून टाकले होते.